शेवटच्या ओळीतला गाडीवाला

मराठी वाचायला मी पत्रकांवर शिकलो. शाळा हिंदी, बाजार हिंदी, आणि छप्पन साली राज्यांच्या सीमा नव्याने आखल्यावर आमचा बालाघाट जिल्हा मध्य प्रदेशातच राहिला. वडील सरकारी कचेरीत कारकून होते. नागपूरकडून कोणी ना कोणी पत्रकांचे गठ्ठे आणून देई. भाषेची, मजुरांची, शेतसाऱ्याची, कसलीही. वडील ती वाचून झाली की माझ्या हाती देत. गोष्टींच्या पुस्तकांआधी मी 'बंधूंनो, जागे व्हा!' वाचलं. पुढे कॉलेजात गेल्यावर मी स्वतःच पत्रकं लिहू लागलो. माझी वाक्यं तेव्हा उद्गारचिन्हाशिवाय संपतच नसत.

त्या पत्रकांचे माझ्यावर उपकार आहेत. पण मराठीत हसता येतं, चिडवता येतं, हे मला त्यांनी शिकवलं नाही. ते मी कटंगी लाईनवरच्या एका खेड्यात, एका पंगतीत शिकलो.

दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. जत्राच ती. दुकानं, पाळणे, आणि शाहिरांची दुय्यम. दुय्यम म्हणजे सामना: एक शाहीर कलगीचा, एक तुऱ्याचा. दोघे समोरासमोर उभे राहून डफावर सवाल-जवाब गातात, एकमेकांची अब्रू काढतात, आणि लोक उजाडेपर्यंत हलत नाहीत. सकाळी मात्र दोन्ही पार्ट्या यजमान शाहिराच्या घरी एका पंगतीला बसतात. त्या पंगतीचा एक नियम होता. रात्री ज्या गाण्याची लोकांनी पुन्हा पुन्हा फर्माईश केली, ते गाणं कुठून आलं हे शाहिरानं सांगायचं, आणि खरं सांगायचं. भाताच्या पानावर बसून थाप मारायची नाही.

मी तिथे गेलो होतो एक पत्रक डोक्यात घेऊन. लोककलावंत आणि श्रम, असा काहीतरी विषय होता. यजमान शाहीर कलगीचा, पन्नाशीच्या आतला, शेतकरी माणूस. त्याच्या एका गाण्यानं तेव्हा आमचा सगळा भाग वेडा केला होता. लग्नात, धानाच्या रोवणीला, बैलगाडीवर, जिथे तिथे तेच:

थांब थांब गाडीवाल्या, शिटी नोको मारू,
लेक माही येऊन राह्यली, घाई नोको करू.

लेक सासरी निघाली आहे आणि बाप आगगाडीच्या ड्रायव्हरला विनवतो आहे. ऐकताना बाया पदर डोळ्याला लावत. पण शाहिरी मंडळींत या गाण्याची कुजबूज होती, आणि ती शेवटच्या कडव्यावरून.

शाहिरी गाण्याच्या शेवटच्या कडव्यात गुरूचं नाव यावं लागतं. त्याला छाप म्हणतात. ज्या गाण्यात छाप नाही ते निगुरं, बेवारस. आणि या गाण्याच्या शेवटी गुरू नव्हताच:

गाडीवाल्या देवाजीचे गुण आम्ही गाऊ,
लेक दिली हाती त्याच्या, आता घरी जाऊ.

शाहिराचे गुरू तुमसरकडे राहत. सीमा आखली गेली तेव्हा गुरू त्या राज्यात आणि चेला या राज्यात, असं झालं होतं. म्हातारपणामुळे त्यांचं येणं तुटलं होतं, म्हणून गाणं त्यांच्या कानावर पडलं नव्हतं. त्या वर्षी मात्र ते कटंगीपर्यंत बसनं आणि पुढे छोट्या लाईनच्या, म्हणजे नॅरोगेजच्या, गाडीनं मुद्दाम आले. हंगामातली पहिली मंडई चेल्याच्या गावची. गुरू आलेले असले की सकाळी त्यांनी डफाला हात लावायचा, मग पार्टी पुढच्या गावांना निघायची, असा रिवाज. गुरू असून हात लागला नाही तर ढोलकीवाला ढोलकी उचलत नाही, तुणतुणंवाला घरचा रस्ता धरतो.

आणि रात्री तुऱ्याच्या शाहिरानं, गुरू समोर बसलेले असताना, भर मंडईत चेल्याला 'निगुरा' म्हणून गायलं होतं.

सकाळी मी पोचलो तेव्हा अंगणात पानं मांडली होती. लाखोरीच्या डाळीचं वरण, वांग्याची भाजी, नव्या धानाचा भात. शाहिराची अकरा-बारा वर्षांची मुलगी वाढत होती. गुरू भिंतीला टेकून बसले होते. डफ त्यांच्यापुढे ठेवला होता, आणि त्यांनी तो दोन बोटांनी बाजूला सारला होता.

कोंडी फोडायला तुऱ्याचा शाहीर पुढे झाला. जाडजूड, सदा घाम पुसणारा माणूस. त्याचंही एक गाणं गाजलेलं होतं, 'गेली सोडून मैना'.

"माह्या मैनेची गोष्ट सांगतो," तो म्हणाला. "लोक रडतेत ना त्या गाण्याले? माही बायकोई रडली होती. म्हणे, कोण होती ती? आठ दिवस मले वरणात मीठ नाही. आता कसं सांगू तिले, वारासिवनीच्या बाजारातून माही सायकल चोरीले गेलती! नवी, हिरवी सायकल. तिच्यावर रचलं मी ते."

पंगत खदखदली. ढोलकीवाल्याला ठसका लागला. गुरूसुद्धा मिशीत हसले, पण लगेच गंभीर झाले.

"आता तुही पाळी," ते चेल्याला म्हणाले. "रात्री सगळ्यात जास्त फर्माईश तुह्या गाण्याले होती."

चेला मान खाली घालून भात कालवत राहिला.

मला राहवलं नाही. मी पानावरून अर्धा उठलो आणि बोललो, शुद्ध मराठीत, पत्रकात छापतात तसं. "शाहिरांनी छाप गाळली हे योग्यच केलं! गाणं कष्टकऱ्याचं असतं, कुठल्याही गादीची ती मालमत्ता नव्हे. ही गुरुशाही कधीतरी मोडायलाच हवी होती!"



"पर्चेवाले," तुऱ्याचा शाहीर माझ्या झोळीतल्या पत्रकांकडे बघत हळूच म्हणाला, "बसा जी. वरण थंडं होऊन राह्यलं."

गुरूंनी माझ्याकडे पाहिलंही नाही. ते चेल्याला म्हणाले, "हे बाबू म्हणते ते खरं का? म्या तुले ताल शिकवला, घरात ठेवलं, आणि गाणं गाजलं तं माहं नाव तुले जड झालं? हौ म्हण. मी गाडीनं परत जातो. डफ तुहा, तूच वाजव."

शाहिरानं हातातला घास खाली ठेवला. डोळे भरून आले होते. "नाही जी, बाबाजी. असं नाही." मग त्यानं मुलीकडे पाहिलं. "भांडं खाली ठेव, बाई. तुलेई आइकाचं आहे."

आणि त्यानं सांगितलं.

मुलगी वर्षाचीही नव्हती. ऐन पावसाळा, नाला भरलेला, रस्ता बंद. तिच्या छातीत घरघर सुरू झाली आणि ओठ निळे पडू लागले. बालाघाटच्या डॉक्टरपर्यंत पोचायला एकच वाट, छोटी लाईन. नवरा-बायको धानाच्या बांध्यांवरून पळत सुटले. पण स्टेशन गाठायच्या आधीच गाडी सुटून त्यांच्याच दिशेला येत होती. बायको चिखलात पडली. यानं पोरीला तिच्या कुशीत दिलं आणि स्वतः रुळांमध्ये उभा राहिला, डोक्याचा दुपट्टा फिरवत.

"थांबली गाडी. मधातच थांबली, जिथं थांबाचा हुकूम नाही. डायवर खाली उतरला. म्हातारा, काळा, हिंदी माणूस. मले वाटलं आता मारते. त्यानं पोरीले पाह्यलं आणि म्हणे, 'बैठो, जल्दी बैठो।' मंग बालाघाटपर्यंत गाडी अशी हाणली, बाबाजी, का डब्यातले लोक देवाचं नाव घेत होते."

"मंग?" ढोलकीवाला म्हणाला. समोर मुलगी उभी होती, तरी सगळ्यांना 'मंग' ऐकायचंच होतं.

"मंग काय, हे पाह्य ना, भात वाढून राह्यली." शाहिरानं मुलीकडे बोट केलं. "दवाखान्यातून मी त्याले शोधाले गेलतो. पाय धराले. त्यानं धरू नाही देल्ले. म्हणे, 'किसी को बताना मत। मैंने लिखवा दिया है कि लाइन पर भैंस थी। नौकरी का सवाल है।' नाव इचारलं, तं म्हणे, 'नाम का क्या करोगे?'"

कोणीतरी नाक ओढलं.

"म्या शब्द देल्ला. घरात बायकोले ठाव, बाकी कोणालेच नाही. पण गाणं आतून उकळून राह्यलं होतं. तान्ह्या पोरीचं गायलं असतं तं कोणी ना कोणी जोडलं असतं, का गाडी म्हशीसाठी नाही, पोरीसाठी थांबली होती म्हणून. मंग मी तिले नवरी केली, सासरी धाडली. शेवटच्या कडव्यात आलो आणि हात थांबला. बाबाजी, तिथं तुमचं नाव कसं लावू? थांबवणारा दुसरा, आणि गुण तुमचे गाऊ? ते खोटं झालं असतं. त्याचं नाव मले ठाव नाही. जेवढं ठाव, तेवढं लिवलं. गाडीवाला."

"आज काहून सांगतलं मंग?" तुऱ्याच्या शाहिरानं विचारलं. त्याच्या आवाजातला खट्याळपणा गेला होता.

"दसऱ्याले स्टेशनावर इचारलं. रिटायर होऊन त्याच्या मुलखाले गेला म्हणतेत. आता त्याची नोकरी कोणी घेऊ शकत नाही."

गुरूंनी पानावरचा भात बाजूला सारला. मग म्हणाले, "मले तरी सांगाचं होतं. मी का रेल्वेचा साहेब हावो?"

"शब्द देल्ला होता जी."

"हौ." त्यांनी मान हलवली. "शब्द देल्ला होता." आणि मग, "म्हण. पुरं म्हण. रात्री रागात होतो, कानात काही गेलंच नाही."

शाहिरानं बसल्या जागी, उष्ट्या हातानं, डफाशिवाय गाणं म्हटलं. शेवटच्या कडव्यावर गुरूंनी हात वर केला.

"देवाजी नोको."

"काहून जी?"

"देव थांबला असता तं त्याची नोकरी जाणार होती का? त्याले कोणाचं भेव? हा माणूस होता, घरी लेकरंबाळं असतील, तरी थांबला. माणूस म्हण."

शाहिरानं ओठातल्या ओठात शब्द बसवून पाहिला. ताल बोटभरही हलला नाही.

गाडीवाल्या माणसाचे गुण आम्ही गाऊ,
लेक दिली हाती त्याच्या, आता घरी जाऊ.

गुरूंनी हात धुतला, डफ पुढे ओढला आणि त्यावर थाप मारली. ढोलकीवाल्यानं इतका मोठा श्वास सोडला की सगळे त्याच्याकडे बघून हसले. "माहं नाव नोको," गुरू म्हणाले. "एक शब्द माहा आला, पुरे झाला. बाकीच्या गाण्यांत लावत जा. त्यात आळस करू नोको."

"हे बरं आहे!" तुऱ्याचा शाहीर ओरडला. "आता मी याले निगुरा कसा म्हणू? माही अर्धी दुय्यम त्याच्यावर चालत होती!" आणि मग मुलीकडे वळून, "आणि तू, बाई, ध्यानात ठेव. रेल्वेच्या दप्तरात तू म्हैस हायेस."

मुलगी हसली नाही. ती बापाला म्हणाली, "मले तरी सांगाचं होतं," अगदी गुरूंच्याच सुरात, आणि भांडं उचलून आत गेली.

मी तिथेच, पानावर बसून, पत्रकाची पहिली ओळ मनात जुळवत होतो. रेल्वेला असे ड्रायव्हर मिळतात आणि ती त्यांना म्हशीची सबब शोधायला लावते! शाहिरानं माझा चेहरा ओळखला असावा. "बाबू, छापू नोका जी," तो म्हणाला. "पेन्शन तं सुरू असंल ना त्याची?" मी ते पत्रक छापलं नाही. आज हे लिहितो आहे ते इतक्या वर्षांनी, आणि यात ना गावाचं नाव आहे, ना माणसाचं. ड्रायव्हरचं तर लपवायचं म्हटलं तरी मला ठाऊक नाही. गुरूंच्या गादीबद्दलची माझी मतं बदललेली नाहीत. पण गाण्यात 'माणूस' हा शब्द त्या गादीवरून आला, तो मला माझ्या कुठल्याच पत्रकात सापडला नव्हता. त्या पंगतीचा, त्या भाताचा, मला 'पर्चेवाले' म्हणून खाली बसवणाऱ्या त्या जाड्या शाहिराचाही मी ऋणी आहे. त्यांच्या बोलीत मी पुढे किती लिहिलं, हे त्यांना कधी कळणार नाही.

दुपारी आम्ही सगळे स्टेशनवर गेलो. गुरूंना कटंगीच्या गाडीत बसवायचं होतं, आणि पार्टीला त्याच गाडीनं पुढच्या मंडईला जायचं होतं. गाडी आली, सामान चढलं, डफ खिडकीतून आत दिला. तेवढ्यात ती मुलगी फलाटावरून इंजिनाकडे चालत गेली. हातात फडक्यात बांधलेल्या दिवाळीच्या करंज्या होत्या. ड्रायव्हर तरुण होता, कोळशानं काळा झालेला, कधी न पाहिलेला. तिनं पुरचुंडी वर केली.

"किसलिए, बिटिया?" तो म्हणाला.

"खा लेना," ती म्हणाली, आणि वळून आली.

त्यानं एकदा फडक्याकडे आणि एकदा तिच्याकडे पाहिलं. शिटी द्यायची वेळ होऊन गेली होती. मुलगी बापाजवळ येऊन उभी राहिली, मग ड्रायव्हरनं ती दिली.