हात खाली घे गो

“हात खाली घे गो. पॅनल म्हणजे मिठागर नाय.”

हे आमच्या प्लांटचा साहेब बोलला. भर ट्रेनिंगमध्ये. पेणच्या जमीनदार घरातला हा माणूस एरवी पुस्तकी मराठी बोलतो. माझ्यासाठी मात्र मुद्दाम ‘गो’ काढला, ‘नाय’ काढलं. हॉल हसला.

रोह्याच्या केमिकल कंपनीत मी कंत्राटी आहे. आयटीआय करून आले ते प्लांटचं कंट्रोल पॅनल चालवायला. दिला झाडू. का, तर “आधी आत्मविश्वास यायला हवा.” तो यावा म्हणून कंपनीने मुंबईहून एक वक्ता आणला. त्याने आम्हाला उभं करून ओरडायला लावलं, “मी करू शकतो!” बायकांनीही ‘शकतो’च ओरडायचं. मग त्याने विचारलं, “पॅनल एकट्याने कोण सांभाळेल?”

मी हात वर केला. त्यावर साहेब काय बोलला, ते वर आलंच आहे.

माझी आई धरमतरच्या खाडीकाठी मीठ ओढते. लहानपणी तिने माझ्या हातात लांब दांड्याची फळी दिली आणि बांधावर जाऊन बसली. माझ्या फळीने मिठाबरोबर चिखल वर आला. ती म्हणाली, “हलक्या हाताने ओढ. परत.” तिने मला घोषणा दिली नाही. फळी दिली. विश्वास असा येतो. हाताला काम देऊन. आणि हे दिवटे झाडू हातात देतात, वर विचारतात, तुमच्या लोकांत आत्मविश्वास का नाही!

साहेब बोलला तरी मी हात खाली घेतला नाही.

“ऐकू येत नाही? जमणार आहे का तुला?” साहेबाने विचारलं.

“पॅनलवर बसवा, मग कळंल. ओरडून नाय कळायचं.”

या वेळी कुणी हसलं नाही. वक्ता म्हणाला, “चला, टाळ्या!” टाळ्या कुणासाठी, त्यालाच ठाऊक.

बाहेर येताना सोबतची मावशी कुजबुजली, “कशाला गो नडलीस? वरडायचं, समोसा खायचा, घरी जायचं.” समोसा मी तिलाच दिला.

दुसऱ्या दिवसापासून मला ड्रम धुवायला लावलं. ॲसिडचा वास केसांतून जात नाही. साहेबाला वाटतं, मी वाकले.

रोज शिफ्ट सुरू होताना मी त्याच्या दारात उभी राहते, सगळ्यांदेखत म्हणते, “आज पॅनल द्या.” तो मान वर करत नाही. त्याला लाज वाटावी म्हणून मी विचारत नाही. ती त्याच्याकडे नाही. उद्याही विचारीन. आता माझ्या मागे आणखी दोघी उभ्या राहतात.