हाताचे पंख

वसंताभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी मोहर्लीच्या जंगल-सफारीच्या गेटवर पर्यटकांना, न दिसलेल्या वाघाची गोष्ट मिश्यांसकट रंगवून सांगत होतो. गोष्ट अर्ध्यावरच थांबली... आयुष्यात पहिल्यांदाच.

बल्लारपूरच्या एका कॉलेजात भाऊ प्रयोगशाळा सांभाळायचे. शिक्षण दहावीपर्यंत, पण प्राण्यांच्या शास्त्रीय नावांचं वेड असं, की नाव फोडून आतला अर्थ काढल्याशिवाय त्यांना जेवण गोड लागायचं नाही.

दोन वर्षांपूर्वी एटापल्लीकडच्या एका गावात तापाची साथ आली. खापर फुटलं नाल्याकाठच्या अर्जुनाच्या झाडावर लटकणाऱ्या शेकडो वटवाघळांवर. झाड तोडायचं ठरलं. ऐकताच भाऊ माझ्या मोटारसायकलवर बसले. मांडीवर काचेची पेटी, पेटीत वटवाघळाच्या पंखाचा सांगाडा.

झाडाखाली कुऱ्हाडी घेऊन सगळा गाव. मी हातवारे करत दणदणीत भाषण ठोकलं. कोणी ढुंकून पाहिलं नाही. गावपाटील म्हणाले, "पाखरू नाई, जनावर नाई. असल्या भुताले काऊन ठेवाचं?"

भाऊंनी फक्त पाटलांचा पंजा धरून काचेवर ठेवला. "हे मनगट. हा अंगठा. आता बोटं मोजा, पाटील."

पाटलांनी मोजली. चार! छत्रीच्या काड्यांसारखी लांब, पण बोटंच.

"शास्त्रात याले कायरॉप्टेरा म्हणतेत. ग्रीक लोकायचा शब्द. अर्धा शब्द हात, अर्धा पंख. याच्या हाताचाच पंख झाला."

गर्दीतून देवकाबाई पुढे आल्या. नातू तापानं फणफणलेला, झाड तोडा म्हणून सगळ्यांत आधी ओरडल्या होत्या त्याच. त्यांनीही काचेवर हात ठेवला... बराच वेळ.

"अन् माह्या नातवाचा ताप?"

"बाई, मी डॉक्टर नाई. पण झाड पाडून ताप उतरला, असं मी तरी पाह्यलं नाई. त्याचं रक्त तपासू."

"मंग आधी रक्त तपासा, पाटील," बाई म्हणाल्या. "कुऱ्हाड काई पळून नाई जात."

मलेरिया निघाला. नातू बरा झाला, झाड राहिलं. पुढे भाऊ अधूनमधून एकटेच तिथे जात राहिले.

परवा भाऊ गेल्याची बातमी सांगायला मी त्या गावात गेलो. देवकाबाई मला नाल्यावर घेऊन गेल्या. सूर्य टेकला होता. अर्जुनावरून एक सुटलं, मग दहा, मग सगळं आभाळच हललं. उजेडात पंखांची तांबूस कातडी पेटल्यासारखी दिसत होती आणि तिच्यातून आरपार... बोटं. मोजता येतील अशी.

मी सवयीनं काही तरी बोलायला तोंड उघडलं.

"चूप राय," बाई म्हणाल्या. "भाऊ इथी आले की बोलत नव्हते."