जेमतेम माणूस

डांबरगोळ्यांचा वास आला की वेंगुर्ल्यातल्या आमच्या कॉलेजची एक दुपार आठवते. दुसऱ्या दिवशी गोव्यात माझी पहिली मुलाखत होती, म्हणून सर पेटीतला आपला कोट माझ्या अंगावर चढवून सराव घेत होते. “काय काय येतं तुला?” “तसं काही नाही, सर.” “संगणक?” “जेमतेम.” आमच्याकडे फांद्या मोडेपर्यंत आंबा लागला तरी जेमतेमच सांगतात, नाहीतर दृष्ट लागते. सरांनी कपाळावर हात मारला आणि ते मालवणीवर आले, “अरे, वर्गात पयलो इलंस ना तू? जेमतेम माणसाक नोकरी कोण देतलो?” मग संध्याकाळपर्यंत त्यांनी मला ‘मी पहिला आलो’ हेच मोठ्याने म्हणायला लावलं. नोकरी मिळाली, आज आमचं घर तिच्यावरच चालतं. नोकरी मिळाल्याचं कळवायला फोन केला, तेव्हा सर आवाज खाली आणून म्हणाले, “बरां झालां. आता गावात कोणाक सांगू नको.”