देवरीच्या दुकानाची पाटी

बिरसीत आमच्या चौथ्या दुकानाची कढई आज पहिल्यांदा तापली. धाकट्या मुलाने तर्रीला फोडणी दिली, लसणाचा ठसका माझ्या नाकात गेला आणि मी एकदम देवरीत जाऊन पोहोचले.

तेव्हा मी घरातली थोरली सून होते. सासरे गेल्यावर गोंदियातलं त्यांचं आलूबोंड्याचं दुकान माझे यजमान सांभाळायचे. मग दिराने देवरीत, बस थांबते तिथेच, दुसरं दुकान काढलं. गल्लीत कुजबुज सुरू झाली, "भाऊ वेगळे झाले." उद्घाटनाच्या दिवशी सासूबाईंनी सकाळपासून घास घेतला नव्हता. मला वाटलं, धंद्याची काळजी असेल.

दिराने पाटीवरचं कापड ओढलं. पाटीवर गोंदियाच्या दुकानाचंच, सासऱ्यांचं नाव होतं : सखाराम आलूबोंडा.

सासूबाईंच्या डोळ्यांना धार लागली.

"काऊन वो माय, कायले रडून राहिली?" दीर म्हणाला. "दुसरं नाव टाकीन असं वाटलं का तुले?"

"वाटलं होतं न बाबू," त्या पदराने डोळे पुसत म्हणाल्या. "आता दे मले खायाले. लय भूक लागली."

कढईतून काढलेला बोंडा त्यांनी फुंकर न मारताच तोंडात घातला. जीभ पोळली तरी त्या हसत होत्या. तोवर माझे यजमान दिराशेजारी उभे राहून बसमधून उतरलेल्यांना बोंडे वाढू लागले होते.

आज थोरला मुलगा गोंदियाहून येऊन धाकट्यासाठी बेसन भिजवतोय. सासूबाईंना त्या दिवशी किती हायसं वाटलं असेल, ते मला आत्ता नीट कळतंय.