जयूच्या वहीतले निळे ठिपके

बालवाडीत वीस वर्षं काढली की किस्से जमवावे लागत नाहीत. खडूच्या भुकटीसारखे ते पदराला लागून घरी येतात, झटकले तरी थोडे उरतातच. गंगापूर रोडला आमची बालवाडी होती. दोन खोल्या, एक पेरूचं झाड, शिकवायला मी आणि जयू, मदतीला शांतामावशी.

नव्वदच्या दशकात जयू मुंबईहून एक शिबिर करून आली. "डिस्लेक्सियाची, म्हणजे पुढे वाचायला जड जाणार याची, चाहूल पाचव्या वर्षीसुद्धा लागते," म्हणाली. मग दरवर्षी दिवाळीआधी ती एकेका मुलाशी खेळायची. नावातलं एकेक अक्षर सुटं करून टाळ्या वाजवायच्या, चित्रं बघून भराभर नावं सांगायची. कुणी अडखळतच राहिलं, की वहीत त्याच्या नावापुढे निळा ठिपका.

एका मुलाचे बाबा हटून बसले. "म्हणजे पोरगा नापास?"

"नाही हो," मी म्हणाले. "आभाळ भरून आलं की आपण छत्री घेतो ना? पाऊस पडेलच असं नाही."

बाबा विचारात पडले. "बरं. मग छत्री कुठल्या दुकानात मिळते?"

"ह्याच. रोज अर्धा तास पाठवा!"

* * *

एका आईनं चित्रांची नावं कुठून तरी मिळवली आणि मुलाकडून ओळीनं पाठ करून घेतली. तो आला आणि सुरूच झाला, "कप, हत्ती, बस, पतंग!"

जयूनं मात्र चित्रं पिसली होती. हत्तीकडे बघून तो ठणकावून सांगत होता, "कप!"

दाराआडून आई म्हणाली, "अहो, घरी एकही चुकत नव्हता!"

* * *

शांतामावशी सायखेडा गावच्या. एकदा पाणी भरता भरता म्हणाल्या, "जयूताई, एवढी चित्रं कशाला? ह्या दोघांना द्या ठिपका. गोष्ट हे लय भारी सांगता, पण पाटी काढली का ह्यांना शू लागती!"

जयूनं तपासलं. दोन्ही ठिपके बरोबर!

"मावशी, आता परीक्षा तुम्हीच घ्या."

"नाय बाई. मग ह्यांना शूला कोण नेईल?"

* * *

एका वर्षी माझ्या सईच्या नावापुढे ठिपका आला. इतरांच्या आईबाबांना छत्री समजावणारी मी, जयूशी आठवडाभर बोलले नाही. डबाही तिच्याकडे पाठ फिरवून खायचे.

शेवटी माधवला, सईच्या बाबांना, सांगितलं. तो म्हणाला, "बरं झालं, आत्ताच कळलं. माझं कुणाला कळलंच नाही. ढ म्हणायचे मला."

लग्नाला दहा वर्षं झाली होती. सकाळचा पेपर त्याला संध्याकाळपर्यंत पुरतो, म्हणून मी त्याची थट्टा करायचे.

दुसऱ्या दिवशी मी जयूपुढे डबा सरकवला. झाकण उघडत ती म्हणाली, "तुझ्याकडे माझी सात दिवसांची भाजी बाकी आहे!"

* * *

माधवनं सईसाठी होडीची एक गोष्ट कॅसेटवर वाचायला घेतली. त्याचा आवाज ऐकत सईनं ओळींखालून बोट फिरवायचं. रेकॉर्डिंगचं लाल बटण दाबायचा मान तिचा. दोन पानं झाली की तो म्हणायचा, "बाकीचं उद्या."

होडी पुलाखाली शिरली, तिथवर गोष्ट आली होती. मग माधव अचानक वारला.

जयू रोज घरी येऊन सईला शिकवत राहिली. ही कधी वाचेल, हे विचारणं मी सोडून दिलं. सई दुपारी कॅसेट लावायची. "बाकीचं उद्या," माधव म्हणायचा. पुढे रिकामी टेप नुसती सरसरायची, आणि सई ती मागे न्यायची. पुढचं पान तिनं कधी उलटलं नाही, मलाही वाचू दिलं नाही.

एका दुपारी मी भांडी विसळत होते. "बाकीचं उद्या." सरसर सुरू झाली. बटण वाजलं नाही. पान उलटल्याचा आवाज आला. मग सईचा, एकेका शब्दाचा हात धरून चालल्यासारखा.

"होडी... पुलाच्या... पली... पलीकडे... आली."

मी नळ बंद केला. ती वाचत राहिली. बराच वेळ.

मग धावत आली. "आई, होडी पोचली! बाबांना माहीतच नाही!"

मी काही बोलायच्या आत ती परत आत गेली, आणि तिनं लाल बटण दाबलं.