फणसाचं बूच

हे सांगायचं मी टाळत आलो. धरणावर जे घडलं त्याला आता दोन वर्षं झाली. आणि त्याच्या मागे जे आहे, जे सांगितल्याशिवाय ह्या अनुभवाला काही अर्थच नाही, त्याला वीस वर्षं. माझं वय चौऱ्याहत्तर. अजून टाळलं तर राहूनच जाईल.

आधी माझ्याबद्दल. आयटीआयमध्ये मी तीस वर्षं डिझेल मेकॅनिकचा ट्रेड शिकवला. चकवा, राखणदार, अमक्याला दिसलं, तमक्याने ऐकलं... आमच्या भागात ह्या गोष्टी चहाबरोबर निघतात. मी हसून सोडून द्यायचो. इंजिन बंद पडलं तर कारण असतंच, सापडत नसेल तर तुम्ही नीट बघितलेलं नाही, हे मी शेकडो मुलांना सांगितलं. आजही तेच मानतो. एक दिवस सोडून.

लांज्याहून पावसकडे यायच्या आतल्या रस्त्याला एक छोटं धरण आहे. तिन्ही बाजूंनी काजूच्या बागा, एका बाजूला मातीचा बांध. पावसाळा संपला की पाणी काठोकाठ असतं. बांधाच्या डावीकडे जांभ्या दगडाचा उतार पाण्यात गेलाय. होडी ट्रॉलीवर चढवायची, ट्रॉली ट्रॅक्टरला जोडायची आणि ट्रॅक्टर रिव्हर्समध्ये घेत त्या उतारावरून खाली न्यायचा. म्हणजे होडीची मागची बाजू आधी पाण्यात जाते आणि पुढची काठाकडे राहते. हे लक्षात ठेवा.

वीस वर्षांपूर्वी ह्या धरणावर पर्यटकांसाठी पहिली होडी मी आणली. दहा माणसं बसतील अशी, लाकडी, मागे डिझेल इंजिन. इंजिन मी बसवलं, होडी बांधली इब्राहिम मिस्त्रीने.

मिस्त्री खाडीकाठच्या गावचा. बुटका, डावखुरा, कमी बोलणारा. दोन फळ्या जुळतात तिथे कापूस ठासून भरायचा, वरून राळ. मग रोज संध्याकाळी तळहात फिरवून प्रत्येक जोड बघायचा, डोळे मिटून. मी एकदा विचारलं, डोळे का मिटता? म्हणाला, ‘उघडे ठेवले की जे बघायचा तेच दिसता.’

होडी तयार झाली की तो तिला पाणी पाजायचा. आमच्याकडची ही रीतच आहे. होडी जमिनीवरच असते आणि आत दोन दिवस पाणी भरून ठेवायचं. सुकलेलं लाकूड फुगतं आणि सांधे गच्च बसतात. मग होडीच्या मागे तळाशी एक भोक असतं, त्याचं बूच काढून पाणी सोडून द्यायचं आणि बूच परत ठोकायचं. ते बूच मिस्त्री स्वतः लावायचा. फणसाचं पिवळं लाकूड, त्यावर तेलात भिजवलेला कापूस उलट्या बाजूने गुंडाळलेला – डावखुरा ना – आणि लाकडी मोगरीचे तीन ठोके. तीनच. आणि होडी पहिला फेरा मारून येईपर्यंत गुडघाभर पाण्यात उभा राहायचा. होडीत बसायचा नाही.

होडी पाण्यात घालायचा दिवस शुक्रवार होता. मिस्त्री सकाळी येऊन होडी बघून गेला आणि जाताना म्हणाला, ‘सर, नमाज पढून दोनला येतो. बूच मी लावणार. तोपर्यंत होडी हलवायची नाय.’

मी बरं म्हणालो.

पाहुणे साडेबारालाच आले. तालुक्याचे साहेब, गावची मंडळी, फोटोवाला. मी नवीन पांढरा शर्ट घातला होता. दोन वाजेपर्यंत एवढ्या लोकांना थांबवायचं कशाला, आणि होडी पाण्यात घालणं मला काय येत नाही? पाणी मीच सोडलं. बूच काढलं, पँटच्या खिशात ठेवलं. तेवढ्यात साहेबांनी इंजिनाबद्दल काहीतरी विचारलं आणि मी सांगायला लागलो. अर्धा तास सांगत होतो.

बूच खिशातच राहिलं.

धरणाच्या मध्यावर होडीच्या मागच्या बाजूला घोट्याएवढं पाणी झालं, मग गुडघ्याएवढं. सगळे लाइफ जॅकेटमध्ये होते, पोहून आणि दोरीला धरून काठाला आले. कुणाला इजा झाली नाही. होडी मागून बुडाली आणि नाळ, म्हणजे पुढचं टोक, तेवढी वर राहिली. आणि काठावर, गुडघाभर पाण्यात, इब्राहिम मिस्त्री उभा होता. दोन वाजले होते.

ट्रॅक्टरने होडी ओढून वर काढली. तोपर्यंत माझा हात खिशात गेला होता आणि मला सगळं कळलं होतं. होडी उतारावर आली तसा मी सगळ्यांच्या आधी मागे गेलो, वाकलो, आणि बूच काढतोय असा हात केला. ‘पाणी जाऊ दे,’ असं मोठ्याने म्हणालो. भोकातून पाणी धो धो वाहायला लागलं. कुणाला संशय येण्यासारखं काही नव्हतंच.

साहेबांनी विचारलं, झालं काय नक्की? मी म्हणालो, ‘जोड उघडली असणार.’

मिस्त्री माझ्यापासून चार हातांवर होता. त्याने होडीच्या तळावरून तळहात फिरवला, डोळे मिटून, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग माझ्याकडे बघून एवढंच म्हणाला, ‘सर, जोड उघडलेली नाय.’ आयटीआयचे सर गप्प आहेत म्हटल्यावर लोकांनी काय समजायचं ते समजलं.

त्यानंतर त्याला ह्या भागात कुणी होडी बांधायला दिली नाही. दारं-खिडक्या करायला लागला. बाजारात दिसला की मी रस्ता बदलायचो. तो मात्र हात वर करायचा.

हे टाइप माझी मुलगी वैदेही करते आहे. मी बोलतोय, ती लिहिते आहे. वरचं सगळं तिलाही आत्ताच कळतंय. मघाशी तिचे हात थांबले. मी म्हटलं, राहू दे का? ती म्हणाली, ‘पुढे सांगा, बाबा.’

तर पुढे. वैदेही मुंबईतली नोकरी सोडून गावी आली. धरणावर परत बोटिंग सुरू करायचं तिने ठरवलं, रीतसर परवानग्या काढल्या. मला वाटलं फायबरची बोट घेईल. तिने आमच्या मागच्या पडवीतली जुनी होडी बाहेर काढायला लावली. अठरा वर्षं पडून होती, पाला आणि गोणपाटांखाली. मी म्हटलं, ती सडली असेल. ती म्हणाली, बघू तर.

दुरुस्तीला एक तरुण मिस्त्री बोलावला. त्याने होडी उलटी केली, जुना रंग खरवडला आणि अर्ध्या तासाने मला हाक मारली. ‘सर, ही कोणी बांधली हो? मला ह्यात करायला कामच नाय.’ वरच्या दोन फळ्या बदलाव्या लागल्या, बस. पाण्याखालची एकही जोड उघडलेली नव्हती. अठरा वर्षांनी. मी हात लावून बघितलं... डोळे मिटून. माझ्या उभ्या आयुष्यात एवढं चोख काम मी दुसरं बघितलं नाही, आणि ते माझ्या पडवीत पडून होतं.

इब्राहिम मिस्त्री आदल्याच पावसाळ्यात वारला होता. त्याचा मुलगा मला कळवून गेला होता. मी मयताला गेलो नव्हतो.

वैदेहीने इंजिन नवीन घेतलं, मी बसवलं. निळा-पांढरा रंग दिला. फणसाचं जुनं बूच कधीच हरवलं होतं. वैदेहीने रबरी बूच आणलं. होडी धरणावर नेऊन दोन दिवस पाणी पाजलं. आणि मी एक यादी केली. काय-काय तपासायचं त्याची चौदा कलमं, नंबर घालून. वैदेही म्हणाली, ‘बाबा, होडीची परीक्षा आहे की माझी?’

दिवाळीनंतरचा रविवार. सकाळी आठला धरणावर मी एकटाच आधी पोचलो. पाणी मीच सोडलं. भोकात पानं अडकली होती, ती बोट घालून काढली. बोट आरपार गेलं, हे मी शपथेवर सांगतो. रबरी बूच शर्टाच्या खिशात ठेवलं.

मग माणसं जमली. बांधावर पन्नासेक तरी असतील, पहिल्या वेळी पाण्यात पडलेल्यांपैकीही दोघे. एकजण म्हणाला, ‘सर, आज टॉवेल आणलाय.’ सगळे हसले, मीही हसलो. आणि मी बोलायला लागलो. होडीबद्दल, लाकडाबद्दल, अठरा वर्षांत एक जोड उघडली नाही त्याबद्दल. कोणी बांधली असं विचारलं तेव्हा इब्राहिम मिस्त्रीचं नाव मोठ्याने घेतलं, गावासकट. जोड चांगली होती एवढं सांगितलं. मग बुडाली कशी, ते कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

ट्रॅक्टरवाला बाळू ट्रॉली उतारावरून खाली घेत होता. होडीची मागची बाजू पाण्यात गेली होती. मी पुढच्या बाजूला नारळ घेऊन उभा. ‘सर, नारळ होडीवर फोडा, माझ्या बोनेटवर नको,’ बाळू म्हणाला. वैदेही माझ्या बाजूला उभी राहून यादी वाचत होती. डिझेल, ठीक. वल्ही, ठीक. जॅकेटं, मोजली. मग ती म्हणाली, ‘बूच.’

आणि होडीच्या मागून आवाज आला. टक. टक. टक.

लाकडावर लाकूड. मी ऐकला, पण तिकडे लक्षच गेलं नाही, कारण मी तेव्हा नारळाची शेंडी काढत होतो आणि मुंबईहून पर्यटक कसे येतील ते कुणालातरी सांगत होतो. वैदेहीने ‘ठीक’ म्हणून खूण केली. नारळ फुटला. होडी पाण्यात तरंगली.

पहिला फेरा वैदेहीने मारला, सहा माणसं घेऊन. पार पलीकडच्या काजूच्या बागेपर्यंत. मी काठावर उभा होतो. तिने सुकाणू एका हाताने धरलं होतं, ताठ उभी, आणि होडी पाणी कापत अशी सरळ जात होती की बांधावरची माणसं बोलायची थांबली. माझी मुलगी, मिस्त्रीची होडी. एवढा अभिमान मला माझ्या रिटायरमेंटच्या दिवशीही वाटला नव्हता.

चष्मा पुसावा म्हणून शर्टाच्या खिशात हात घातला आणि हाताला रबरी बूच लागलं.

मी ओरडलो की नाही आठवत नाही. चपलांसकट पाण्यात शिरलो, छातीपर्यंत. बाळूने मागून धरलं. होडी मध्यावर वळली आणि परत यायला लागली, तितकीच वर, तितकीच सरळ. काठाला लागली तेव्हा मी आत डोकावलो. तळ कोरडा होता. एका थेंबाचा डाग नाही.

मागे जाऊन पाण्यात हात घालून चाचपलं. भोकात बूच होतं. लाकडी. होडी वर घेतल्यावर सगळ्यांनी बघितलं. फणसाचं ताजं पिवळं लाकूड, जणू त्याच सकाळी तासलेलं. कापूस उलट्या बाजूने गुंडाळलेला. डोक्यावर मोगरीच्या तीन खुणा.

तरुण मिस्त्रीला विचारलं. तो म्हणाला, मी रबरच वापरतो, आणि मोगरी माझ्याकडे नाय. बाळू उतार उतरताना सारखा मागे बघत होता. होडीच्या मागे पाणी होतं, माणूस कुणी नव्हता. वैदेहीला विचारलं, तू खूण का केलीस? ती म्हणाली, ‘मी ऐकलं ना, बाबा. मला वाटलं तुमचाच कोणीतरी माणूस असणार.’

मी चौदा कलमांसारखं सगळं तपासलं. कोण आधी येऊन गेलं, कोणाकडे फणसाचं लाकूड आहे, बोट आरपार गेलं तेव्हा मला चक्कर आली होती का. काही हाती लागलं नाही. आजही नाही. ते बूच आम्ही काढलेलं नाही. होडीत साचलेलं पावसाचं पाणी पंपाने काढतो. दोन मोसम होडी रोज धावते आहे आणि तळ कोरडा आहे.

त्या आठवड्यात मी मिस्त्रीच्या घरी गेलो. रिक्षात बसून वाक्य पाठ करत होतो. चाचींनी, म्हणजे त्याच्या बायकोने, खुर्ची दिली, चहा केला. मी सांगितलं, होडी तरली, लोकांनी मिस्त्रीचं नाव घेतलं. त्या खूश झाल्या. मुलाला फोन करून सांगते म्हणाल्या. मग पदर सारखा करत म्हणाल्या, ‘सर, ते जायच्या आधी दोनदा बोलले. सरांना सांग, माझ्या हातून काय राहिला असंल तर माफ करा. मी त्या दिवशी दोनला आलो, आधी यायला हवा होता.’

मी काय करायला हवं होतं ते तुम्हाला कळतंय. मलाही कळत होतं.

मी मान हलवली. होय, माफ केलं, अशी मान हलवली. चहा संपवला आणि निघालो.

चाची अजून त्याच घरी आहेत. वैदेही म्हणते, उद्या मी घेऊन जाते तुम्हाला. उद्या जमेल की नाही मला खरंच सांगता येत नाही. म्हणून रिक्षात पाठ केलेलं वाक्य इथे लिहून ठेवतो, जसंच्या तसं –

चाची, मिस्त्रीचं काही चुकलं नव्हतं. मी त्याची वाट बघितली नाही, मी विसरलो, आणि सगळ्यांसमोर मी खोटं बोललो. मला माफ करा.