रखमाजीची झोप

रखमाजीच्या घोरण्याची आमच्या गावाला तक्रार नव्हती, अभिमान होता. भोकरदनपासून सात मैलांवर आमचं गाव. तिथं पाहुणा मुक्कामी आला की लोक सकाळी विचारायचे, "ऐकलं का रखमाजीला?" बाया आपापल्या नवऱ्यांना टोमणे मारायच्या, "झोपावं तर त्या रखमाजीवानी. तुमचं काय, उंदीर हलला की उठून बसता."

रखमाजी आमचा न्हावी. वय चाळीस. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडून काडी झाल्ता, तेव्हा घोरतही नव्हता. मंग पाऊस परतला, भाकरी परतली, आन तीन वर्षांत मान अशी भरली की सदऱ्याचं वरचं बटन लागेना. घोरणं त्या मानेबरोबर वाढलं.

वर्षाच्या ज्वारीवर तो पन्नास घरांची हजामत करायचा. लिंबाखाली गिऱ्हाईक समोर उकिडवं बसवायचं, वाटीतलं पाणी गालाला चोळायचं आन वस्तरा चालवायचा. हात हलका. कोणाला कधी खरचटलं न्हाई. येवढंच की चालता चालता वस्तरा थांबायचा. रखमाजी झोपलेला असायचा. डोळे मिटलेले, बोटं बराबर वस्तऱ्यावर, आन पातं गिऱ्हाइकाच्या गळ्यावर.

गावानं याचीही पद्धत बसवली होती. हाक मारायची न्हाई, दचकला तर हात सरकंल. गिऱ्हाइकानं थुंकी गिळायची न्हाई. पुढच्या नंबरवाल्यानं उठायचं, रखमाजीचं मनगट दोन्ही हातांनी धरायचं, वस्तरा वीतभर लांब घ्यायचा आन मंग म्हणायचं, "राम राम, रखमाजी." रखमाजी राम राम घ्यायचा आन थांबला होता तिथून पुढं सुरू करायचा. त्यामुळं आमच्या गावात हजामतीला कोणी एकटं जात नव्हतं.

दिवसा डुलक्या का येतात, याचं कारण सगळ्यांनी मिळून काढलं होतं. झोप जास्त होती. जास्तीची झोप अंगात साचती. उपाय म्हणून शेजारच्या संपतनं त्याला पहाटे तीनला हलवून उठवायचं पत्करलं. महिनाभरात रखमाजी उभ्या उभ्या झोपायला लागला. सकाळी डोकं ठणकायचं. आप्पाराव गुरुजींची मिशी एका बाजूनं काढून दुसरी बाजू विसरला. गुरुजी तसेच शाळेत गेले.

मंग एका शनिवारी पोलीस पाटील सर्जेराव हजामतीला बसले. बाजाराचा दिवस, गडीमाणूस भोकरदनला गेलेला, पाळीला मागं कोणीच न्हाई. वस्तरा पाटलांच्या गळ्याच्या घाटीवर येऊन थांबला.

पाटील बसून राह्यले. बऱ्याच वेळानं गिरिजाबाई घागर घेऊन आली. तिनं बघितलं. पद्धत तिला ठाऊक होती, पण परक्या गड्याचं मनगट कसं धरावं? तिनं घागर खाली ठेवली, पदर सारखा केला आन एखादा माणूस बघायला गेली. माणूस काही मिळाला न्हाई. मंग रखमाजीच्या बायकोला, दुर्गाबाईला घेऊन आली. दुर्गाबाईनं मनगट धरलं आन म्हणली, "राम राम."

पाटलांनी आधी थुंकी गिळली. मंग म्हणले, "वस्तरा बंद. उद्यापून भोकरदनचा देवानंद येईल. दिवाळीला बघू काय करायचं ते."

देवानंदकडं फेसाचा साबण होता, सायकल होती. एकदा त्याच्या हाताखाली गेलेली घरं परत येणार न्हाईत, हे दुर्गाबाईला कळत होतं.

"पाटील, हे झोपतच न्हाईत वो," ती म्हणली.

"सारं गाव ऐकतं, बाई."

"गाव आवाज ऐकतं. आवाज बंद झाला की गावाला झोप लागती, आन मी उठून बसते. ह्यांचा श्वासच बंद पडतो. मी आकडे मोजते. वीस झाले की बुक्की मारते. तीन वर्षं मी पाठ टेकली न्हाई."

पाटलांनी दोघांना जालन्याच्या गाडीत बसवून दिलं.

जालन्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "झोप कशी लागते?"

"बिलकुल फस्क्लास, साहेब," रखमाजी म्हणला. "आमच्या गावात तशी कोणाची न्हाई."

"खोटं सांगून राह्यले, साहेब," दुर्गाबाई म्हणली, आन तिनं सगळं सांगितलं.

डॉक्टरांनी घसा बघितला, मान चाचपली, दंडाला पट्टा बांधून दोनदा फुगवला. म्हणले, "घशाची वाट झोपेत मिटते. श्वास अडकला की शरीर दचकून जागं होतं, यांना पत्ता नसतो. रात्रभर तेच. झोप होत नाही, म्हणून दिवसा पेंग. सगळा ताण काळजावर जातो. रक्तदाब आत्ताच वाढलाय. एखाद्या रात्री ते काळीजच थांबेल."

"मंग सुई द्या," रखमाजी म्हणला.

"सुई नाही याला. वजन उतरवा, मीठ कमी करा, संध्याकाळची दारू बंद. आणि उताणं झोपायचं नाही."

बाहेर येऊन रखमाजी म्हणला, "येवढ्या लांब आलो आन साधी सुई न्हाई. कसला डाक्टर."

दुर्गाबाईनं त्याच्या बंडीला पाठीवर खिसा शिवला आन त्यात कवठ घातलं. उताणा झाला की कवठ मणक्यात रुतायचं. दोन कवठं फुटली, तिसरं टिकलं. दारू तिनं कशी सोडवली हे तिनं कोणाला सांगितलं न्हाई, त्यानंही न्हाई. भाकरी चाराच्या दोन झाल्या. दसऱ्याला सदऱ्याचं बटन लागलं. संपत म्हणायला लागला, "काय राव, गाव सुनं सुनं वाटून राह्यलं."

दिवाळीच्या आदल्या दिवशी लिंबाखाली गाव जमलं. देवानंद सायकल लावून साबण काढून बसलेला. रखमाजी वस्तऱ्याची धोपटी घेऊन आला आन समोर बसला. दोघांपुढं कोणी जाईना. पाटलांनी दुर्गाबाईला बोलावलं.

"बाई, खरं सांगा. आता श्वास बराबर चालतो का रात्री?"

दुर्गाबाई म्हणली,

"मला काय माहीत, पाटील? महिना झाला, मी पडते ती कोंबडं आरवल्यावरच उठते."

पाटलांनी तिच्याकडं बघितलं. मंग ते रखमाजीपुढं उकिडवे बसले आन हनुवटी वर केली.

"पण संपतला जवळ बसू द्या," म्हणले.